सैतानाशी करार आणि पाप्याची आशा : थिओफिलस ते फाउस्ट या आख्यायिकांचे वाचन

१. प्रस्तावना

सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना फाउस्ट आठवतो. भारतीय विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांची या विषयाशी पहिली भेट बहुधा मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या नाटकातून होते. त्या नाटकाच्या शेवटी घड्याळाचे ठोके पडतात, मुदत संपते आणि फॉस्टसला नरकात ओढून नेले जाते. हे दृश्य इतके प्रभावी आहे की अशा कथेचा स्वाभाविक शेवट नरकच असतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. मग ज्या कथांत करार करणारा माणूस शेवटी वाचतो, त्या आपल्याला भाबड्या, बोधपर किंवा नाट्यदृष्ट्या दुबळ्या वाटू लागतात.

या पाठात हे गृहीतक तपासायचे आहे. कालक्रमाने पाहिले तर वाचणाऱ्या पाप्याची कथा आधीची आहे आणि बुडणाऱ्या फाउस्टची नंतरची. थिओफिलसची आख्यायिका फाउस्टच्या पहिल्या छापील पुस्तकाहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. म्हणून ‘कॅथलिक परंपरेने फाउस्टला सौम्य का केले?’ हा प्रश्न चुकीचा ठरतो. ‘आधी वाचणारा माणूस पुढे का बुडू लागला?’ असे विचारायला हवे.

त्यामागे आणखी एक प्रश्न आहे आणि तो केवळ साहित्याचा नाही. माणसाने शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने केलेले एखादे कृत्य त्याच्यावर कायमचे शिक्कामोर्तब करू शकते का? की शेवटच्या श्वासापर्यंत त्याला परतीची वाट मोकळी असते? या आख्यायिका त्याच प्रश्नाभोवती फिरतात. त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक उत्तराची काही किंमत आहे.

२. एक शब्द : ‘तारण’

कथांकडे जाण्यापूर्वी एका मराठी शब्दाकडे लक्ष द्या. मराठी ख्रिस्ती लेखनात पापातून होणाऱ्या सुटकेला ‘तारण’ म्हणतात. बँकेत सोने ठेवून कर्ज काढताना आपण जे ठेवतो, त्यालाही ‘तारण’च म्हणतात. एका अर्थाने तो बुडणाऱ्याचा उद्धार, दुसऱ्या अर्थाने ऋणापोटी गुंतवलेली वस्तू.

आपल्या विषयात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. करार करणारा माणूस क्षणिक लाभासाठी आत्मा तारण ठेवतो, आणि कथा पुढे त्याचे तारण होते की नाही ते सांगते. नव्या करारातही ही व्यवहाराची भाषा आहे. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसाविरुद्ध असलेला हस्तलिखित रोखा रद्द होऊन क्रूसाला खिळला गेल्याची प्रतिमा येते. तिथे वापरलेला ‘खैरोग्राफोन’ हा ग्रीक शब्द ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्यासाठी वापरला जाई. सैतानाच्या हातातला कागद हा त्या प्रतिमेचाच कथारूप विस्तार आहे, असे वाचले तर या आख्यायिकांचे तर्कशास्त्र उलगडू लागते.

३. थिओफिलस : कागद परत मिळतो

कथा सहाव्या शतकातील किलिकिया प्रांतातल्या अदाना शहरात घडते. हे शहर आजच्या तुर्कस्तानात आहे. थिओफिलस तिथल्या ख्रिस्तसभेचा कारभारी. बिशपपद चालून आले असता तो नम्रपणे नाकारतो. नवा बिशप येतो आणि त्यालाच पदावरून काढतो. अपमानाने पोळलेला थिओफिलस एका जादूगाराच्या मध्यस्थीने सैतानाला भेटतो, ख्रिस्त आणि मरिया या दोघांनाही नाकारतो आणि तसे लिहून, मोहोर लावून देतो. त्याला पद परत मिळते.

त्याने काय मागितले ते पाहा. त्याला ना विश्वाचे ज्ञान हवे होते, ना राज्य, ना अप्सरा. त्याला स्वतःची जुनी नोकरी हवी होती. फाउस्टसारखी भव्य महत्त्वाकांक्षा इथे नाही. अन्याय झालेल्या साध्या माणसाचा हा राग आहे. म्हणूनच ही कथा श्रोत्यांच्या जवळची ठरली असावी. आत्मा विकण्यासाठी प्रकांड पंडित असण्याची गरज नाही, दुखावलेला स्वाभिमान पुरतो.

पुढे त्याला पश्चात्ताप होतो. तो चाळीस दिवस उपवास करून मरियेची विनवणी करतो. ती प्रकट होते, आधी त्याला खडसावते, मग त्याच्यासाठी रदबदली करते. क्षमा झाल्याचे ती सांगते, पण थिओफिलसचे समाधान होत नाही, कारण कागद अजून सैतानाकडे आहे. तीन दिवसांनी तो जागा होतो तेव्हा कागद त्याच्या छातीवर पडलेला असतो. तो देवळात सर्वांसमोर आपले पाप सांगतो, कागद बिशपच्या हाती देतो. तो मोठ्याने वाचला जातो आणि जाळला जातो. थोड्याच दिवसांत थिओफिलस शांतपणे मरतो.

मूळ ग्रीक कथेचे लॅटिन भाषांतर नवव्या शतकात नेपल्सच्या पॉल नावाच्या डीकनने केले आणि कथा पश्चिमेत पसरली. दहाव्या शतकात जर्मनीतील गांडर्सहाइमच्या मठातील ह्रोत्स्विथाने तिच्यावर लॅटिन काव्य रचले. तेराव्या शतकात रुतबफने फ्रेंच नाटक लिहिले, स्पेनमध्ये गोन्सालो दे बेर्सेओने मरियेच्या चमत्कारांच्या काव्यमालेत तिला स्थान दिले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या उत्तरेकडील दारावर ही कथा दगडात कोरलेली आहे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही ती दारातून आत जाताना दिसत होती.

समीक्षक म्हणून एक विसंगती आपण टिपली पाहिजे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्या कागदाला काहीच किंमत नसायला हवी. आत्मा मुळात देवाचा, तो विकण्याचा अधिकार माणसाला नाही, त्यामुळे व्यवहारच बेकायदा. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने पापी माणसावर सैतानाचा कायदेशीर हक्क असतो ही जुनी कल्पना नाकारली. तरीही लोककथेत कागद परत यावाच लागतो. का? कारण लोककथा शास्त्राइतकी माणसाच्या मनाचीही दखल घेते. ‘तुला क्षमा झाली’ हे ऐकूनही ज्याने सही केली त्याला झोप लागत नाही. हातात कागद येणे, तो सर्वांसमोर वाचला जाणे आणि जळताना दिसणे ही त्याची गरज आहे. पापनिवेदनाच्या संस्कारात क्षमेचे शब्द कानांनी ऐकू यावे लागतात, त्यामागचे मानसशास्त्रही याच्या जवळचे आहे.

४. मारिकेन : नावाचे एक अक्षर

दुसरी कथा नेदरलँड्सची. ‘मारिकेन व्हान नेमेखेन’ हे नाटक १५१५च्या सुमारास अँटवर्पमध्ये छापले गेले. मारिकेन ही एका धर्मगुरूची भाची. बाजारासाठी शहरात गेली असता तिला उशीर होतो. ती मावशीकडे रात्रीचा आसरा मागते, मावशी तिला घाणेरडे आरोप करून हाकलते. अंधारात एकटी बसलेली मारिकेन म्हणते की आता देव येवो की सैतान, मला सारखेच. एकाक्ष मुनेनच्या रूपात सैतान येतो. तो तिला सर्व भाषा आणि सात विद्या शिकवण्याचे वचन देतो.

इथे कागद नाही. त्याऐवजी तो तिचे नाव मागतो. मारिकेन म्हणजे छोटी मरिया; ते नाव त्याला सहन होत नाही. ती नाव बदलायला तयार होते, पण निदान पहिले अक्षर तरी राहू दे असा हट्ट धरते. म्हणून ती ‘एमेकेन’ होते. या ‘एम’मध्येच सगळी आशा शिल्लक आहे. तिने मरियेला पूर्णपणे सोडलेले नाही. नाटककार यावर प्रवचन देत नाही. तो फक्त अक्षर ठेवतो.

सात वर्षे ती सैतानाबरोबर राहते. अँटवर्पच्या खानावळीत तिच्यामुळे मारामाऱ्या आणि खून होतात. मग गावी परतल्यावर चौकात गाड्यावर चाललेले एक धार्मिक नाटक तिला दिसते. त्यात सैतानाचा वकील देवाच्या दरबारात मानवजातीविरुद्ध दावा मांडतो आणि मरिया पाप्यांची बाजू घेते. ते पाहता पाहता तिचे मन पालटते. चिडलेला मुनेन तिला उंच नेऊन खाली फेकतो. ती वाचते.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण ‘कॅथलिक कथांत क्षमा स्वस्त असते’ या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. तिचे मामा तिला कोलोनच्या बिशपकडे नेतात. पाप इतके मोठे की तो प्रायश्चित्त सांगू शकत नाही. ती दोघे रोमला पोपकडे जातात. पोप तिच्या गळ्यात आणि दोन्ही दंडांवर लोखंडी कडी घालायला सांगतो. ती झिजून किंवा आपोआप गळून पडतील तेव्हा पाप फिटले असे समजायचे. मास्ट्रिख्टच्या मठात ती वर्षानुवर्षे ती कडी वागवते. अखेर एका रात्री देवदूत ती काढून टाकतो.

कॅथलिक शिकवणुकीत पापाचा दोष आणि पापामुळे भोगावी लागणारी शिक्षा यांत फरक केला जातो. क्षमेने दोष जातो, पण मोडलेले जोडण्याचे काम उरते. मारिकेनची कडी म्हणजे हा फरक लोखंडात घडवलेला आहे. ती क्षमा मिळालेली स्त्री आहे आणि तरीही तिचे ओझे खरे आहे. तिच्या पायी मेलेली माणसे परत येणार नाहीत, हे नाटक विसरत नाही.

मावशीची गोष्टही लक्षात ठेवा. ती राजकीय द्वेषाने वेडी होऊन स्वतःचा गळा कापून घेते. जिने सैतानाशी बोलणी केली ती वाचते. जिने कधीच कुठला करार केला नाही ती निराशेत संपते.

५. त्वार्दोव्स्की : चंद्रावरची प्रतीक्षा

तिसरी कथा पोलंडची आणि खऱ्या अर्थाने लोकांच्या तोंडची. क्राकोवचा पान त्वार्दोव्स्की हा सोळाव्या शतकातील सरदार आणि जादूगार. राजा दुसरा सिगिस्मुंड ऑगस्टस याला त्याने दिवंगत राणी बार्बाराचे रूप आरशात दाखवले, अशी आख्यायिका आहे. आपल्या करारात त्याने एक चलाख कलम घातले : सैतानाला माझा आत्मा फक्त रोममध्येच नेता येईल. अर्थात रोमला जाण्याचा त्याचा विचार नव्हता. पण एकदा तो एका खाणावळीत शिरतो आणि तिचे नावच ‘रोम’ असते. सैतान हजर होतो.

आकाशातून नेला जात असताना त्वार्दोव्स्की लहानपणीचे मरियेचे स्तोत्र गाऊ लागतो. सैतानाची पकड सुटते. तो ना स्वर्गात जातो ना नरकात. चंद्रावर पडतो आणि न्यायाच्या दिवसापर्यंत तिथेच थांबतो. त्याचा एक शिष्य कोळी होऊन त्याच्यासोबत आहे. तो धाग्यावरून पृथ्वीवर उतरतो आणि बातम्या घेऊन वर जातो. आदाम मित्सकिएविचने १८२२ साली या विषयावर विनोदी कवन लिहिले. त्यात मात्र सैतान पळतो तो त्वार्दोव्स्कीच्या बायकोबरोबर वर्षभर राहावे लागेल या भीतीने.

या कथेत दोन प्रवाह मिसळलेले दिसतात. एक, सैतानाला फसवण्याचा. युरोपभर पसरलेल्या सैतानी पुलांच्या कथा या प्रवाहातल्या. स्वित्झर्लंडच्या शॉलेनेन घळीतील पूल बांधून देताना सैतान पहिला पूल ओलांडणारा जीव मागतो आणि उरीचे लोक बोकड पाठवतात. तिथे पश्चात्तापाचा प्रश्नच नाही, सौदेबाजीतील चतुराई आहे. दुसरा प्रवाह थिओफिलसचा, शरण जाण्याचा. त्वार्दोव्स्की आधी चतुराई करून पाहतो. ती त्याच्यावरच उलटते. मग त्याच्यापाशी फक्त एक बालपणीचे गाणे उरते आणि तेच कामी येते.

पण त्याने पश्चात्ताप केला का? कथा स्पष्ट सांगत नाही. म्हणूनच ती त्याला स्वर्गात पाठवत नाही. शास्त्रातील शुद्धिस्थान म्हणजे काही चंद्र नव्हे. पण ‘अजून निकाल लागलेला नाही’ ही अवस्था लोककल्पनेने किती नेमकी पकडली आहे पाहा. एका अर्धवट प्रार्थनेला अर्धवट उत्तर मिळते, आणि दार उघडे राहते.

आपल्याला इथे अजामिळाची कथा आठवणे साहजिक आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि विष्णुदूत यमदूतांना अडवतात. तिथेही दोन पक्षांचा कायदेशीर वाद होतो. साम्य खरे आहे, पण घाईने दोन्ही कथा एक करू नका. अजामिळाच्या कथेचा जोर नामाच्या सामर्थ्यावर आहे, हेतू नसतानाही नाम काम करते. कॅथलिक आख्यायिकांत भर वळलेल्या इच्छेवर असतो. तरी भागवतातही अजामिळ वाचल्यावर पश्चात्तापाने घर सोडतो आणि गंगाद्वारी जाऊन भक्ती करतो. म्हणजे सुटकेनंतरचे काम दोन्हीकडे उरतेच.

६. फाउस्ट : मध्यस्थ नाहीसे होतात

१५८७ साली फ्रँकफर्ट येथे योहान श्पीस या मुद्रकाने डॉ. फाउस्टची कथा छापली. लेखक अज्ञात आहे, दृष्टी लूथरपंथी. फाउस्ट २४ वर्षांचा करार करतो आणि मुदत संपताच त्याचा भयानक अंत होतो. सैतानाचा दूत इथे भिक्षूच्या वेषात येतो, हा कॅथलिक मठांवरचा उघड टोला आहे.

इथे एक ढोबळ निष्कर्ष टाळा. प्रॉटेस्टंट पंथात पाप्याला आशा नाही, असे म्हणणे चुकीचे आहे. केवळ विश्वासाने आणि केवळ कृपेने तारण, ही लूथरची शिकवण हताश झालेल्या मनाला धीर देण्यासाठीच होती. फाउस्टच्या पुस्तकातही एक वृद्ध शेजारी त्याला परत फिरायला सांगतो. बदल झाला तो वाटेत. मरिया, संत, धर्मगुरूसमोरचे पापनिवेदन, शुद्धिस्थान ही मधली सारी स्थानके गेली. माणूस आणि देव समोरासमोर उभे राहिले. ज्याला विश्वास ठेवता आला त्याच्यासाठी ही जवळीक होती. ज्याला तो ठेवता येईना, त्याला धरायला दुसरा हात राहिला नाही. फाउस्ट बुडतो तो आपले पाप क्षमेपेक्षा मोठे आहे असे मानल्यामुळे.

मार्लोच्या नाटकात ही पोकळी ऐकू येते. शेवटच्या स्वगतात फॉस्टस अशी याचना करतो की हजार वर्षे, लाख वर्षे नरकात ठेव, पण शेवटी तरी सोडव. ज्या शिक्षेला शेवट आहे अशी जागा तो मागतो आहे. म्हणजेच तो शुद्धिस्थान मागतो आहे, आणि ते एलिझाबेथच्या काळातील इंग्लिश चर्चने आपल्या अधिकृत कलमांत नाकारले होते. हे ध्यानात घेतले तर त्या स्वगताची धार वाढते. तो केवळ घाबरलेला माणूस राहत नाही. त्याच्या समाजाने नकाशावरून पुसलेल्या गावाचा रस्ता विचारणारा तो प्रवासी ठरतो.

याच इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका कॅथलिकाचा मराठीशी थेट संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट होऊन १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. योगायोग असा की मार्लोच्या नाटकाची दुसरी, विस्तारित संहिताही १६१६ सालचीच. एकाच वर्षी लंडनमध्ये बुडणाऱ्या फॉस्टसचे नाटक छापले जात होते आणि गोव्यात ओवीबद्ध मराठीत आदामाच्या पापापासून ख्रिस्ताने केलेल्या मुक्तीपर्यंतची कथा. दोन्ही ग्रंथ एकाच धार्मिक फाळणीच्या दोन बाजूंचे आहेत, हे आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच एकत्र सांगितले जाते.

गटेने पुढे फाउस्टला वाचवले. दुसऱ्या भागाच्या शेवटी (१८३२) देवदूत, पश्चात्तापी स्त्रिया, मरिया असा सारा कॅथलिक देखावा येतो. पण ही थिओफिलसकडची वापसी नाही. गटेचा फाउस्ट कधीच पश्चात्ताप करत नाही. त्याच्या अखंड धडपडीला आणि ग्रेटखेनच्या प्रेमाला प्रतिसाद म्हणून तो उचलला जातो. मारिकेनने वर्षानुवर्षे वागवलेली कडी त्याच्या दंडावर कधी चढलीच नाहीत.

७. निराशा हेच खरे पाप

आशेच्या शिकवणुकीचे सर्वांत कठोर नाट्यरूप स्पेनमध्ये सापडते. तिर्सो दे मोलिनाच्या नावावर असलेले आणि १६३५ साली छापलेले एक नाटक आहे. त्याच्या नावाचा आशय ‘अविश्वासामुळे शापित’ असा होतो. पाउलो नावाचा तपस्वी दहा वर्षे रानात आहे. आपण नक्की तरणार का, हे त्याला आत्ताच जाणून घ्यायचे आहे. सैतान देवदूताच्या रूपात येऊन सांगतो की नेपल्समध्ये एन्रिको नावाचा माणूस आहे, त्याचे जे होईल तेच तुझे. एन्रिको निघतो खुनी दरोडेखोर. पाउलो हाय खातो आणि स्वतःही दरोडेखोर होतो. पण एन्रिकोने आपल्या वृद्ध बापाची सेवा कधी सोडलेली नाही आणि देवाच्या दयेवरचा त्याचा भरवसाही सुटलेला नाही. बापाच्या शब्दाने तो फाशीपूर्वी पश्चात्ताप करतो आणि वाचतो. पाउलो मरतानाही भरवसा ठेवू शकत नाही.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ साली सांगितले होते की विशेष प्रकटीकरणाखेरीज कोणालाही आपल्या अंतिम तारणाची खात्री असू शकत नाही. पाउलो नेमकी तीच खात्री मागतो. आशा आणि खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्री हातात आल्यावर आशेला जागा उरत नाही. आणि ‘मी तर वाचणारच’ असे गृहीत धरणे हेही कॅथलिक परंपरेत निराशेइतकेच पाप आहे. दोन्हींत माणूस निकाल स्वतःच लिहून टाकतो.

म्हणूनच ही ख्रिस्तसभा संतपद जाहीर करते, पण अमुक माणूस नरकात आहे असे नाव घेऊन कधीही जाहीर करत नाही. विसाव्या शतकात हान्स उर्स फोन बाल्थाझार या धर्मशास्त्रज्ञाने यापुढचे पाऊल टाकले. सर्वांचे तारण होईल असे आपण ठामपणे म्हणू शकत नाही, पण तशी आशा धरू शकतो, असे त्याचे म्हणणे. त्यावर कॅथलिकांतच तीव्र वाद झाला. टीकाकारांना वाटले, यामुळे माणसाच्या निवडीला अर्थच उरणार नाही. आख्यायिका या वादात कोणाच्या बाजूने आहेत? माझ्या मते त्या दोघांनाही पूर्ण साथ देत नाहीत. त्यांत निवडीला भयंकर अर्थ आहे. फक्त ती शेवटची निवड नाही.

८. या आशेच्या मर्यादा

कौतुक करताना आंधळे होऊ नये. तीन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत.

पहिली, थिओफिलसचा मध्यस्थ जादूगार ज्यू दाखवला आहे. कथा थिओफिलससाठी स्वर्ग हलवते, पण त्या मध्यस्थाच्या तारणाचा विचारही करत नाही. मध्ययुगीन युरोपात ज्यूंवर झालेल्या अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर हा केवळ तपशील राहत नाही. पाप्यासाठी एवढी विशाल असलेली आशा परक्यासाठी आखडती होते.

दुसरी, करार हीच कल्पना पुढे शस्त्र बनली. १४८६ साली हाइनरिख क्रामर या कॅथलिक भिक्षूचे ‘मालेउस मालेफिकारुम’ छापले गेले. त्यात सैतानाशी करार हा चेटकिणीचा मुख्य गुन्हा ठरला. ज्या कथेत कागद जळत होता, तिथे आता बाई जळू लागली. या छळात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही प्रदेश सामील होते. मारिकेनचे नाटक याच काळातले. सैतानाकडून विद्या शिकलेल्या, त्याच्याबरोबर सात वर्षे राहिलेल्या स्त्रीला चितेऐवजी मठ आणि नाव परत देणारे हे नाटक त्या काळात किती वेगळे बोलत होते, हे यावरून कळते.

तिसरी, आशेची दारे ख्रिस्तसभेच्याच ताब्यात होती. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. त्यानंतर अशा कथा प्रवचनांत सांगितल्या जात, तेव्हा त्या दिलासा देत आणि लोकांना संस्थेशी बांधूनही ठेवत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

९. समारोप

फाउस्टची शोकांतिका मोठी आहे, यात वाद नाही. पण तिच्या तेजामुळे आधीच्या कथा फिक्या मानण्याचे कारण नाही. शोकांतिका सांगते की सही केल्यावर माणूस म्हणजे ती सही. थिओफिलस, मारिकेन, त्वार्दोव्स्की यांच्या कथा सांगतात की सही खरी आहे, तिचे परिणाम खरे आहेत, कडीही खरी आहेत; तरी माणूस त्या सहीपेक्षा जास्त आहे. त्याच्यात कुठेतरी एक अक्षर, एक गाणे, बापाविषयीची एक माया शिल्लक असते आणि तेवढ्याने त्याला पुन्हा वर ओढता येते.

हे पटावे म्हणून कॅथलिक असण्याची गरज नाही. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याकडे, व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्याकडे, एकदा विश्वासघात केलेल्या मित्राकडे आपण कसे पाहतो, हाच प्रश्न शेवटी उरतो. त्याचा कागद आपण जपून ठेवला आहे, की तो जळताना पाहायला आपण तयार आहोत?

विचारार्थ प्रश्न

१. थिओफिलसच्या कथेत क्षमा झाल्यानंतरही कागद परत येणे का आवश्यक ठरते? धर्मशास्त्र आणि कथेची गरज या दोन्ही अंगांनी चर्चा करा.

२. मारिकेनची लोखंडी कडी आणि गटेच्या फाउस्टचे तारण यांची तुलना करा. तुम्हाला कोणता शेवट अधिक न्याय्य वाटतो आणि का?

३. ‘निराशा हे पापाहून मोठे पाप’ ही कल्पना पाउलो आणि मार्लोचा फॉस्टस या दोन पात्रांना कितपत लागू पडते?

४. सैतानाला चतुराईने फसवणाऱ्या लोककथा आणि पश्चात्तापाच्या आख्यायिका यांत माणसाविषयीची कोणती वेगवेगळी समजूत दिसते? तुमच्या भाषेतील एखाद्या लोककथेच्या आधारे लिहा.